महानुभाव पंथाची वाटचाल : पैठणपासून काबूलपर्यंत



आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होत आहे, ही सर्वांना आनंदाची गोष्ट आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी समितीने आज्ञा केली. प्रस्तुत लेखक काही पंडित नाही. शिक्षण एस. एस. सी.पर्यंत आणि नोकरी तालुका कचेरीत कारकुनाची. जुनी दप्तरे चाळणे, नकला करणे आणि कोणत्या कागदाला कोणता कागद जोडायचा हे पाहणे, यातच वर्षे गेली. तेव्हा दप्तराच्या दृष्टीने ज्या इतिहासाचे मला नेहमी नवल वाटत आले, तोच येथे अल्पमतीप्रमाणे मांडतो. तो इतिहास म्हणजे महानुभाव पंथाचा.

कोणी विचारील की, ग्रामदैवताच्या स्मरणिकेत महानुभावांचे काय काम? ते तर एका परमेश्वरावाचून अन्य देवतांची उपासना करीत नाहीत. शंका रास्त आहे. परंतु महाराष्ट्रातील जुन्या देवळांविषयी मराठीत सर्वांत आधी कोणी तपशिलाने लिहून ठेवले असेल, तर ते याच लोकांनी. शिवाय जीर्णोद्धार करताना माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच. धर्म टिकतो तो कशाने? दगडाने, पैशाने, राजाश्रयाने, की आणखी कशाने? या प्रश्नाचे उत्तर या पंथाच्या वाटचालीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

शेजारच्या डोंगरातील साक्ष

प्रथम आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्यात लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत मिळून पुष्कळ लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे बौद्ध भिक्षूंचा मोठा संघ राहत असे. नाणेघाटाने येणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांना सढळ हाताने दाने दिली. कोणी पाण्याची टाकी खोदून दिली, कोणी भोजनमंडप दिला. देणाऱ्यांची नावे तेथे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत आणि त्यांत इरिल, चिट, चंद अशा यवनांचीही नावे आहेत. इतका भक्कम, डोंगराच्या पोटात कोरलेला निवारा! परंतु पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या, आश्रय आटला, भिक्षू निघून गेले. लेणी राहिली, पण आपल्या भागात ते अक्षर वाचणारा कोणी उरला नाही. आज लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण भक्तिभावाने जातो.

याच्या अगदी उलट महानुभाव पंथाचे आहे. त्यांनी डोंगर कोरला नाही की शिखरे उभारली नाहीत. एका ठिकाणी घर करून राहू नये, हीच त्यांच्या संन्याशांना शिकवण. आणि तरीही साडेसातशे वर्षे होऊन गेली, तो पंथ आजही नांदतो आहे. हे कसे घडले ते पाहू.

आरंभ

पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी हे मूळचे गुजरातेतील भडोचचे. तेथील प्रधानाचे पुत्र, पूर्वीचे नाव हरिपाळदेव, असे पंथाची परंपरा सांगते. यात्रेच्या निमित्ताने ते घराबाहेर पडले आणि वऱ्हाडात ऋद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांच्या भेटीने त्यांच्या जीवनाला निराळेच वळण लागले. हे ऋद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे. पुढे इ. स. १२६७-६८ च्या सुमारास पैठण येथे त्यांच्याभोवती शिष्यपरिवार जमू लागला. त्या वेळी देवगिरीवर यादवांचे राज्य होते. प्रथम महादेवराव आणि त्यानंतर रामदेवराव हे राजे होते.

स्वामी गोदावरीच्या काठाने, बेलापूर, डोमेग्राम, वेरूळ, लोणार अशा गावांतून पायी फिरत. मुक्काम बहुधा गावच्या देवळात किंवा मठात. भिक्षा मागावी, जेवावे, देवळाच्या ओट्यावर बसून भोवती जमलेल्यांना समजावून सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू लागावे, असा त्यांचा क्रम. बोलणे सगळे मराठीत, आणि दृष्टांत घरातले, शेतातले, बाजारातले. आपण गीतेला मानतो तसेच तेही मानतात. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू व श्रीचक्रधर हे त्यांचे पंचकृष्ण होत.

त्यांच्याभोवती जी माणसे जमली त्यांत शास्त्री-पंडित होते तसेच ज्यांना कोणी जवळ करीत नव्हते असेही होते. स्त्रियांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. विटाळाची समजूत मानू नये, असे बायकांना स्वच्छ सांगितले. तेराव्या शतकात हे बोलणे सोपे नव्हते. यज्ञयाग, व्रतवैकल्ये आणि जातीचा मोठेपणा यांवर ज्यांची प्रतिष्ठा उभी होती त्यांना ते खपणे शक्यच नव्हते. विरोधकांमध्ये यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव परंपरेने घेतले जाते. स्वामींचा छळ झाला. इ. स. १२७४ च्या सुमारास ते उत्तरापंथे निघून गेले, असे पंथ मानतो.

मागे राहिले मूठभर शिष्य. ना देऊळ, ना जमीन, ना वतन. राजसत्ता अनुकूल नव्हती, समाजात मान नव्हता. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर हा पंथ तेथेच संपायचा.

पहिले स्थलांतर : ऋद्धपूर

स्वामी गेल्यावर शिष्य गोदाकाठ सोडून ऋद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत जाऊन राहिले. हे पंथाचे पहिले मोठे स्थलांतर. त्यांचे पुढारीपण नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्याकडे आले. आणि या ऋद्धपुरात एक असे काम झाले की, त्यामुळे पंथही वाचला आणि मराठी भाषाही धन्य झाली.

म्हाइंभट नावाचे एक विद्वान शिष्य होते. स्वामी कोठे राहिले, कोणाशी काय बोलले, ते सर्व विसरून जाण्यापूर्वी लिहून काढावे, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रथम त्यांनी भटोबासांना विचारून त्यांच्या आठवणी उतरून घेतल्या. तेवढ्यावर न थांबता ते गावोगाव फिरले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून प्रत्येकाची आठवण नोंदवून घेतली. आमच्या कचेरीत पंचनाम्याच्या वेळी जसे जबाब घेतात, तसाच हा प्रकार. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर तो फरकही नमूद करायचा. सांगणारा ब्राह्मण असो, शेतकरी असो वा एखादी वृद्ध बाई असो, ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचा शब्द प्रमाण! इ. स. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला असे मानतात. तोच ‘लीळाचरित्र’ होय. त्यात हजाराहून अधिक लहानमोठे प्रसंग आहेत.

ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली ती इ. स. १२९० मध्ये. आपल्या पंचक्रोशीतून दरवर्षी आळंदीला जाणाऱ्या वारकऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, माउलींच्या आधी काही वर्षे वऱ्हाडातील एका खेड्यात याच मराठी भाषेत असा मोठा गद्य ग्रंथ लिहिला गेला होता. दोन्ही पंथांचे मार्ग वेगळे, उपासना वेगळी. परंतु धर्माचे गुह्य मराठीत सांगायचे हा निर्धार दोघांचाही एकच.

याच ऋद्धपुरात महदंबा नावाच्या शिष्येने श्रीगोविंदप्रभूंच्या समोर श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. ती मराठीची आद्य कवयित्री. केशिराजबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी स्वामींची वचने व दृष्टांत निवडून ‘सूत्रपाठ’ व ‘दृष्टांतपाठ’ हे ग्रंथ सिद्ध केले. संस्कृतात लिहिण्याकडे त्यांचा ओढा होता; परंतु भटोबासांनी त्यांना आवरले. संस्कृतात लिहिशील तर आपल्या पंथातील म्हाताऱ्या बायका उपदेशाला मुकतील, असा त्यांचा भाव होता. आमच्या कचेऱ्यांतून निघणारे परिपत्रक वाचून जेव्हा एखादी आजी विचारते, ‘बाळा, यात काय लिहिलंय ते मला समजंल असं सांग,’ तेव्हा मला हटकून भटोबासांची आठवण होते. ग्रंथ कोणासाठी लिहायचा हे त्यांना साडेसातशे वर्षांपूर्वी उमगले होते.

राजाचे सोने आणि कवीचे नाव

देणगीदारांच्या समोर एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले आणि रामदेवरायाच्या दरबारात ते वाचून दाखविले. राजा इतका खूश झाला की, दर ओवीला सोन्याचे नाणे देतो, पण ग्रंथावर माझे नाव घाल, असे म्हणाला. कवीने ते नाकारले. ग्रंथ तर राजाकडे राहणार. म्हणून कवी आणि त्याच्या भावांनी जेवढ्या ओव्या मिळविता आल्या तेवढ्या, म्हणजे सुमारे नऊशे, रातोरात घेतल्या. पुढे नरेंद्र महानुभाव झाला आणि त्या ओव्या पंथाने जपल्या. अशी ही कथा पंथात सांगितली जाते. राजाच्या पदरी जे राहिले ते नाहीसे झाले, आणि भिक्षेकऱ्यांच्या झोळीत जे पडले ते आजवर टिकले, एवढे खरे.

यात देणगीदारांना कमी लेखण्याचा हेतू मुळीच नाही. उलट जुन्नरच्या लेण्यांतील टाकी खोदणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षांनी आपण वाचतो, याचा आनंदच आहे. सांगायचे ते इतकेच की, दिलेले दान ज्यांच्या हाती सोपवायचे ते हात जपणारे असावे लागतात.

धाड आणि विस्मरणाशी झुंज

श्रीगोविंदप्रभूंच्या नंतर भटोबास शिष्यांना घेऊन पुन्हा अटनास निघाले. अटन म्हणजे एका जागी न राहता फिरत राहणे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या पंचवीसएक वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते.

आमच्या खात्यात एखादे जुने रजिस्टर वाळवीने खाल्ले तर केवढा गोंधळ उडतो! येथे तर साऱ्या पंथाचा आधारच गेला. पण माणसे हताश झाली नाहीत. ज्यांना जे पाठ होते ते त्यांनी पुन्हा सांगितले आणि पुन्हा लिहून काढले. हिराइसा नावाच्या एका स्त्रीची स्मरणशक्ती अशी दांडगी होती की, तिच्या मुखातून आलेला पाठ ‘हिराइसा पाठ’ म्हणून मान्यता पावला. असे वेगवेगळ्या परंपरांचे पाठ तयार झाले, म्हणून आज लीळाचरित्राच्या पोथ्यांत फरक सापडतो. स्त्रियांना पंथात बरोबरीने बसविले त्याचे फळ पंथाला असे मिळाले. ज्या समाजाने बायकांना ऐकूच दिले नाही त्याची पोथी हरवल्यावर अर्धे गाव काय सांगणार?

सांकेतिक लिपी : कुलूप आणि त्याची किंमत

यापुढे पंथातील आचार्यांनी आणखी एक उपाय योजिला. पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती ‘सकळ लिपी’. तिचे श्रेय रवळोबास यांना देतात. तिची युक्ती थोडक्यात अशी की, वर्णमालेतील एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरेच अक्षर लिहायचे. ज्याला किल्ली ठाऊक त्याला सरळ मराठी वाचता येई. इतरांना तो नुसता अक्षरांचा खेळ. सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही पुष्कळ लिप्या निघाल्या.

कुलूप लावल्याने ठेवा सुरक्षित राहिला. शिवाय नक्कल करणारा पंथाचाच असल्यामुळे भलत्याच कोणी मजकुरात भर घालण्याचा धोका कमी झाला. त्यामुळे तेराव्या शतकातील मराठी पुष्कळ अंशी शाबूत राहिली. परंतु प्रत्येक कुलपाची किंमत असते. बाहेरच्या लोकांना आत काय आहे ते कळेनासे झाले, आणि जे कळत नाही त्याविषयी माणूस वाईटच कल्पना करतो. काळी वस्त्रे घालणारे, दाट वस्तीपासून दूर राहणारे, आपल्या देवांना न मानणारे, कोणाला न कळणाऱ्या लिपीत पोथ्या लिहिणारे हे लोक लोकांच्या संशयाचे धनी झाले. ‘महानुभाव’चे ‘मानभाव’ झाले. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण रूढ झाली. वरून गोड बोलून आतून कपट करण्याला आजही आपण ‘मानभावीपणा’ म्हणतो. वास्तविक अहिंसा हा ज्यांचा पहिला धर्म, त्यांच्या वाट्याला कसाबाची उपमा यावी, यासारखा उफराटा न्याय दुसरा नाही.

इंग्रजी अमदानीतही ही नोंद पुढे चालू राहिली. मध्य प्रांतातील जातीजमातींवर रसेल व हिरालाल यांचे जे पुस्तक १९१६ साली निघाले, त्यात ‘मानभाव’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. जातिभेद मोडायला निघालेला पंथ शेवटी जातींच्या यादीत जाऊन बसला! एकदा नोंद झाली की ती खोडणे किती कठीण असते, हे तालुका कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको.

दूरचे स्थलांतर : पंजाब, पेशावर, काबूल

आता या इतिहासातील सर्वांत नवलाचा भाग. शिष्यांनी महाराष्ट्रातच राहावे, कानडी व तेलंग मुलखात जाऊ नये, असा स्वामींचा उपदेश होता. आणि तोच पंथ पुढे महाराष्ट्राबाहेर शेकडो कोस दूर गेला. मोगल अमदानीत महानुभाव संन्यासी उत्तरेस पंजाबात पोहोचले. तेथे त्यांना शिष्य मिळाले. त्या प्रांतात पंथाला ‘जयकृष्णी पंथ’ असे नाव पडले. पुढे पेशावर आणि थेट काबूलपर्यंत त्यांचे मठ झाले.

त्या काळी रेल्वे नव्हती. मंचरहून घोडेगावला जाणेही लोकांना दिवसाचे काम वाटे. अशा काळात गोदाकाठचे विचार सिंधू नदी ओलांडून अफगाणांच्या मुलखात गेले. तेही सैन्याच्या बळावर नव्हे, अथवा पैशाच्या लोभानेही नव्हे. झोळी, पोथी आणि दोन पाय, एवढेच भांडवल.

आणि याहून मोठे नवल हे की, तेथे गेल्यावरही त्यांनी धर्मभाषा बदलली नाही. पंजाबी बोलणारी, पुश्तू कानावर पडणारी माणसे गुरूपुढे बसून मराठी शिकत, मराठी पोथी वाचत आणि तिच्या नकला करीत. मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, हे आपण शाळेत अभिमानाने शिकलो. ते साल १७५८. घोडे गेले आणि परत आले. पण अटकेच्याही पलीकडे मराठी भाषा नेऊन ती तेथील घराघरांत रुजविणारे हे भिक्षेकरी मात्र आपल्या गणतीत राहिले नाहीत. स्वामींनी महाराष्ट्रात राहा म्हणून सांगितले होते. देहाने शिष्य बाहेर गेले. पण जेथे गेले तेथे मराठीचा एक लहानसा महाराष्ट्र त्यांनी मांडला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पश्चिम पंजाब व सरहद्द प्रांताकडील अनुयायांना घरेदारे सोडून इकडे यावे लागले. पूर्व पंजाब, दिल्ली व आसपासच्या भागांत ते स्थायिक झाले. पुन्हा एक स्थलांतर. परंतु जो पंथ प्रथमपासून फिरताच होता त्याला हे दुःख सोसण्याची रीत ठाऊक होती. आज ऋद्धपूर, फलटण, डोमेग्राम अशा स्थानांच्या दर्शनाला पंजाब-दिल्लीकडील भाविक येतात. त्यांच्या पूर्वजांनी जपलेले मराठीचे ऋण आपणच त्यांना मानायला हवे.

कुलूप उघडले

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्यासारख्या अभ्यासकांनी मठांतील पोथ्या पाहिल्या, आणि पंथातील महंतांनीही विश्वासाने त्या दाखविल्या. डॉ. वि. भि. कोलते यांनी तर या वाङ्मयासाठी आयुष्य वेचले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील अॅन फेल्डहाउस या विदुषींनी मराठी शिकून गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजीत भाषांतर केले. ते १९८४ मध्ये छापले गेले.

ज्यांच्या नावाने कपटाची म्हण झाली त्यांच्या पोथ्या उघडल्यावर आत काय निघाले? मंत्रतंत्र नव्हे की कारस्थान नव्हे. एका गुरूच्या आठवणी निघाल्या. तो कोणत्या ओट्यावर बसला, कोणाच्या घरी जेवला, रडणाऱ्या बाईला काय म्हणाला, हे निघाले. आणि त्याबरोबर यादवकाळचा सगळा महाराष्ट्र निघाला. त्यातील जेवण, कपडे, भांडी, बाजार, देवळे, सण, सगळे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीच्या जुनेपणाचा व थोरवीचा विचार करताना लीळाचरित्राचे नाव टाळून चालत नाही. त्याच वर्षी ऋद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. जेथे काही बेघर शिष्य येऊन राहिले आणि जेथे म्हाइंभटांनी लेखणी धरली, तेथेच मराठीचे विद्यापीठ व्हावे हा योग मोठा आहे. समाजाच्या कडेला ढकललेल्यांचे गाव असे भाषेचे पीठ झाले.

आपण काय घ्यावे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. धर्म टिकतो तो कशाने?

महानुभावांची एक ‘स्थानपोथी’ आहे. स्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, त्या जागांची तीत नोंद आहे. देऊळ कोणत्या गावी, त्याचे दार कोणत्या दिशेला, ओटा दाराच्या कोणत्या बाजूला, असे बारकाईने लिहिलेले आहे. आमच्या दप्तरी जमिनीची चतुःसीमा लिहितात, अगदी तशीच. यांतील कित्येक देवळे पडली, कित्येकांचे दगड दुसऱ्या कामाला गेले. परंतु नोंद असल्यामुळे जागा सापडते, तेथे ओटा बांधता येतो आणि भाविकाला नमस्कार करता येतो. म्हणजे देऊळ गेले तरी चालेल असे मी म्हणत नाही. पण देवळाबरोबर त्याची नोंदही गेली, तर मात्र काहीच उरत नाही.

हे आपल्या तालुक्याला परके नाही. ज्या आंबेगावचे नाव आपल्या तालुक्याला आहे ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, गाव पाण्यात, आणि नाव मात्र प्रत्येक सातबाऱ्यावर! त्या धरणाने घोड नदीच्या खोऱ्यात पाणी खेळविले आणि आपल्या भागाची शेती सुधारली. पण ज्यांची गावे उठली, त्यांच्या देवळांच्या आठवणी लिहून ठेवणारा म्हाइंभट प्रत्येक गावाला लाभला काय, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता आपल्या मंदिराचे काम चालू आहे. अशा कामात जुने ते सगळे टाकाऊ वाटू लागते. झिजलेली पायरी, अर्धवट वीरगळ, शेंदराखाली दडलेली मूर्ती, दीपमाळेचा फुटका दगड, कोणी म्हणतो भरावात टाका. माझी ग्रामस्थांना व समितीला हात जोडून विनंती आहे की, एकही जुना दगड नोंद केल्यावाचून हलवू नये. प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. तो कोठे होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता, लांबी-रुंदी किती, हे वहीत लिहावे. आणि तो मंदिराच्या आवारातच एका बाजूला ओट्यावर मांडून ठेवावा. यास खर्च फारसा नाही. एक वही आणि शाळेतील चार मुले एवढ्याने काम भागते.

दुसरी विनंती अशी की, गावातील ऐंशी-नव्वद वर्षांच्या आजी-आजोबांना बसवून विचारावे. पालखी पूर्वी कोणत्या वाटेने जाई? मानाची काठी कोणाच्या घरची? नवरात्रात कोणती आळी काय करीत असे? गुरव, सुतार, कुंभार, मांग, महार, परीट यांचे देवाच्या सेवेत कोणते काम होते आणि कोणता मान होता? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी लिहावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे, भांडू नये. विशेषतः म्हाताऱ्या बायकांना विचारावे. हिराइसेसारखी एखादी आपल्या आळीतही असेल. ती गेल्यावर तिचे पाठ असलेले कोठे शोधणार?

तिसरे असे की, आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने देवाला भजणारा कोणी गावात आला, तर त्याची पोथी कोणत्या लिपीत आहे एवढ्यावरून त्याला नावे ठेवू नयेत. अवसरीत आता शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे लांबलांबची मुले येऊन राहतात. प्रत्येकाची रीत निराळी. विचारले तर कळते, न विचारता म्हणी तयार होतात. आणि एकदा तयार झालेली म्हण साडेतीन अक्षरांच्या निंदेसारखी पिढ्यान् पिढ्या चिकटून बसते.

महानुभावांजवळ जमीन नव्हती, राजा नव्हता, कळस नव्हता. त्यांच्याजवळ ऐकलेले नीट लिहून ठेवण्याची सवय होती आणि ते लिहिलेले प्रत्येक पिढीने स्वतःच्या हाताने पुन्हा उतरून काढले. पैठणहून ऋद्धपूरला, तेथून पंजाबला, काबूलला आणि परत, एवढा प्रवास त्या सवयीच्या बळावर झाला. आपल्याला तर देवकृपेने गावही आहे, देऊळही आहे आणि देणारे हातही आहेत. त्यात एका वहीची भर पडावी.

ज्या दानशूर मंडळींनी या कार्यास तन-मन-धनाने हातभार लावला त्यांची नावे या स्मरणिकेत अन्यत्र दिलीच आहेत. ती नावे शंभर वर्षांनी कोणी तरी वाचावीत आणि त्या शेजारी मंदिराच्या प्रत्येक जुन्या दगडाची हकीकतही त्याला वाचावयास मिळावी, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना करून ही अल्पशी सेवा पुरी करतो.

— आपला नम्र,
तालुका कचेरीतील एक कारकून,
अवसरी खुर्द, ता. आंबेगाव, जि. पुणे